विमान सोडणारा माणूस

दोंडाईचा मागे पडले तसे समोरच्या गृहस्थांनी विचारले, "आपण काय करता?"

"विमाने सोडत असे. आता निवृत्त झालो."

"म्हणजे वैमानिक!"

"छे हो! सारी नोकरी जमिनीवर, खुर्चीत बसून झाली."

त्यांचा चेहरा पडला. वाचकहो, तुमचाही पडला असेल. म्हणून थोडे सांगतो.

आमच्या हुद्द्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. वारे, ढग, वजन पाहून विमानाचा मार्ग आखायचा आणि इंधन ठरवायचे. ते लिटरवर नव्हे, किलोवर मोजतात. उन्हाने आकारमान फुगते, वजन नाही! मुक्कामापर्यंतचे इंधन, त्यावर साधारण शेकडा ५ अडीअडचणीचे, मुक्कामाचा विमानतळ बंद झाल्यास दुसऱ्यापर्यंतचे, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते. मग टाकी भरूनच का टाकू नये? कारण जादा इंधन वाहायलाही इंधन जळते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईचा विमानतळ बंद पडला. त्यानंतरच्या एका जुलैत आभाळाचा रंग पाहून मी दिल्लीहून मुंबईला जाणाऱ्या विमानात टनभर इंधन जादा घातले. त्यापायी माल उतरवावा लागला. आणि पाऊस आलाच नाही! विमान वेळेवर उतरले. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे मान खाली घालून उभा राहिलो.

त्या रात्री मामांची आठवण झाली. मामा नरडाण्याला स्टेशनमास्तर होते. तेव्हा मार्ग एकेरी. पुढच्या स्टेशनाचा 'लाईन क्लियर' मिळून ड्रायव्हरच्या हाती गोळा पडेपर्यंत गाडी हलायची नाही. एकदा वऱ्हाडाची गाडी तासभर अडली. मुहूर्त टळला, वरबापाने मामांना नाही नाही ते सुनावले. रात्री जेवताना मामा एवढेच म्हणाले, "बाळ, पुढे काही झाले नाही, हीच आपली कमाई. ती कुणाला दिसत नाही."

दुसऱ्याच आठवड्यात तसेच आभाळ दिसले. मी पुन्हा टनभर इंधन लिहिले.

इतके सांगून होते तोच शिंदखेड्याच्या अलीकडे गाडी थांबली. गृहस्थ खिडकीतून डोकावून करवादले, "आता कुणी अडवली ही?"

मी म्हटले, "असतील कुणाचे तरी मामा!"