पंचनाम्यात बाळंतीण कुठे आहे?

नामांतराच्या लढ्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जनसागर लोटतो, शहिदांची नावे घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. पण त्या लढ्यात मारल्या गेलेल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, त्याच जाळपोळीत जन्माला आलेल्यांचा हिशेब कधी ठेवला काय? हा प्रश्न आम्हाला पडला तो गोरेगावात.

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. १९७८ साली हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. एका घरगुती कार्यक्रमासाठी आम्ही तेथे गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध मावशींना कुणीतरी त्यांच्या थोरल्या मुलाचे वय विचारले. मावशी म्हणाल्या, "शाळेत एक जून लिवलंय. पर ते मास्तरानं मनानं लिवलं. त्यो जाळपोळीतला हाय."

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. म्हणजे पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ४ ऑगस्टला हालहाल करून मारले. सुगावच्या जनार्दन मवाडे यांचा बळी गेला. वस्त्या जळाल्या, माणसे लेकराबाळांसह रानावनात पळाली. वर्तमानपत्रांनी याला 'दंगल' म्हटले. दंगलीत दोन बाजू लढतात. येथे एका बाजूच्या हातात टेंभे होते आणि दुसऱ्या बाजूच्या हातात लेकरे. हे निःशस्त्र वस्तीवर पुकारलेले युद्ध होते.

मावशी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावी नांदत होत्या. "गावाचं नाव नका छापू, तिथं अजून भावकी हाय," असे त्या म्हणाल्या, म्हणून ते आम्ही देत नाही. दिवस भरलेले. रात्री वस्तीत आरडाओरड झाली आणि नेसत्या लुगड्यानिशी त्या सासूचा हात धरून शेतात शिरल्या. हायब्रीड ज्वारी कमरेइतकी आलेली. उभे राहिले की दिसणार, म्हणून बसूनच राहायचे. वरून पाऊस, खाली चिखल. पहाटे कळा सुरू झाल्या. ओरडले तर सगळ्यांचा जीव जाणार, म्हणून सासूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. नाळ विळ्याने कापली. "लेकरू रडलं तव्हा मला आनंद न्हाई झाला," मावशी म्हणाल्या, "मला धाक पडला."

बाळंतिणीला शेक लागतो, पण धूर दिसेल म्हणून विस्तव पेटवता आला नाही. पाचवी नाही, बारसे नाही. दोन दिवस पोटात अन्न नाही. तिसऱ्या रात्री बांधावर कुणीतरी फडक्यात भाकरी आणि गुळाचा खडा ठेवून गेले. ती शेजारच्या शेतवाल्याची सून होती, हे मावशींना पुढे कळले. ती जवळ आली नाही, बोललीही नाही. तिचीही दोन बाळंतपणे मावशींच्या सासूनेच केली होती.

होय, सासू गावची सुईण होती! मांगवाड्या-महारवाड्यातल्या बायांनीच खेडोपाडी सवर्णांच्या घरची बाळंतपणे केली. त्यांच्या हाताने नाळ कापलेली चालते, पण त्याच हाताचे पाणी चालत नाही, असा हा मनूचा धर्म. त्या रात्री टेंभे घेऊन आलेल्यांत आपल्या हातावर जन्मलेली पोरे सासूने ओळखली. ती मरेपर्यंत एवढेच म्हणे, "म्याच त्याहीला पैल्यांदा पुसून घेतलं व्हतं." यावर आम्ही काय बोलावे?

पुढे सरकारी माणसे आली. पंचनामा झाला. घर एक, ज्वारी इतकी, भांडी इतकी, शेळ्या दोन. ज्वारीत झालेल्या बाळंतपणाला त्या कागदात रकाना नव्हता. नुकसान म्हणजे वस्तूंचे, असा हिशेब होता. गेलेल्या दुधाचा, अंगात मुरलेल्या गारठ्याचा, जन्मभराच्या कंबरदुखीचा पंचनामा कोण करणार?

हे दुःख १९७८ सालचे नाही. मुक्ता साळवे या जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मांग समाजाच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हे तिने तेव्हाच जगाला सांगितले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, कष्टाने उभे केलेले छप्पर जाळून आमच्या आयाबहिणींना पुन्हा त्याच पावसात लोटले गेले.

बाबासाहेबांनी बाळंतीण कधी विसरली नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांनी ठासून मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. जगानेही १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात गरोदर स्त्रीला युद्धातही विशेष संरक्षण दिले, प्रसूतिगृहावर हल्ला करायचा नाही असे ठरवले. हा करार पायदळी तुडवला जातो, हे खरे. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर हल्ला झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात सुमारे ५०,००० स्त्रिया गरोदर असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले. पण निदान तेथे कुणीतरी गरोदर स्त्रिया मोजल्या! आमच्या रानातल्या बाया कुणी मोजल्या? गावचे युद्ध हे युद्धच मानले जात नाही, तो 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न' ठरतो. मग बाळंतिणीला ना युद्धाचा कायदा, ना शांततेचा.

आज आपल्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, १९९५ चे नियम आहेत. पीडितांना सात दिवसांच्या आत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि वाहतुकीची सोय देण्याची जबाबदारी नियम १२ ने जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. नियम १५ ने सरकारला आकस्मिकता योजना करायला सांगितले आहे. गावोगावच्या आशा ताईकडे गरोदर मातांची यादी असते. मग वस्तीवर हल्ला झाला किंवा गावाने बहिष्कार टाकला, जीपवाल्याने नाही म्हटले, गिरणी बंद झाली, तर या यादीतल्या बाईला पहिल्या तासात कुठे न्यायचे आणि कुणी न्यायचे, हे त्या योजनेत नावानिशी लिहायला काय हरकत आहे? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, असा नियम आहे. समितीवरील आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारावा, अशी आमची मागणी आहे.

दुसरी मागणी आपल्याच माणसांकडे. १९७८ साली रानात बाळंत झालेल्या माता आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्या गेल्या की हा इतिहासही जाईल. येत्या १४ जानेवारीला गेटवर जाण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातल्या एका तरी मावशीजवळ वही घेऊन बसावे. तिने दिलेला दिवस लिहावा, तिने सांगितलेले रान लिहावे. शाळेच्या दाखल्यावरचा एक जून आता बदलणार नाही. पण आपल्या वहीत तरी खरी तारीख असू द्या.

जयभीम!