कापसाचे नियम ठरवतं कोण?

यवतमाळात बियाण्याचा भाव किंवा फवारणीच्या औषधाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नियम आपल्या हातात कुठं? ते बाहेरच्या कंपन्याच करतात.’ २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा हा राग समजण्यासारखा आहे. पण त्याच्या आडून काही चुकीच्या समजुतीही पक्क्या झाल्या आहेत.

परदेशी कंपनीला आपल्या नियमांवर बोलताच येत नाही, ती मागच्या दारानेच येते, असं अनेकांना वाटतं. खरं तर पुढचं दार उघडंच आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम २३ सांगतं की, मूळ कायद्यात आधी मसुदा प्रसिद्ध करण्याची अट असेल, तर त्यावर ‘कोणत्याही व्यक्ती’कडून आलेल्या हरकती आणि सूचना सरकारने विचारात घ्यायच्या. आर्णीचा शेतकरी आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची कंपनी, दोघांनाही अधिकार सारखाच. त्यात गैर काही नाही. गैर हे की, हरकत घेणाऱ्यामागे पैसा कोणाचा, हे सांगायचं बंधन आपल्याकडे नाही. अमेरिकेत परकीयांसाठी काम करणाऱ्यांनी नोंद करावी असा कायदा १९३८ पासून आहे आणि लॉबिंगवरचा खर्च जाहीर करण्याचा १९९५ पासून. वॉलमार्टने भारतातल्या गुंतवणुकीच्या विषयावरही लॉबिंग केलं, हे २०१२ मध्ये आपल्याला कळलं ते अमेरिकेतल्याच नोंदींमधून! लॉबिंग उघड करण्यासाठीचं खासगी विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

‘पण परदेशी पैशावर बंदी आहे ना?’ उमेदवार, पक्ष, लोकप्रतिनिधी आणि सरकारी नोकर यांना परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याने मनाई आहे, हे खरं. मात्र परदेशी मालकीच्या वेदांता समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही हा कायदा मोडल्याचं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये म्हटलं, आणि २०१६ व २०१८ च्या वित्त कायद्यांतून ‘परदेशी स्रोत’ याची व्याख्याच मागच्या तारखेपासून सैल झाली. गुंतवणुकीच्या मर्यादेत असेल, तर निम्म्याहून जास्त भांडवल परदेशी असलेली भारतीय कंपनीही आता परदेशी धरली जात नाही. मला यातली सगळ्यात मोठी फट हीच वाटते.

सरकार कंपन्यांपुढे नेहमीच मान तुकवतं, हेही अर्धसत्य. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणं दर नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचं तंत्रज्ञान असलेल्या बोलगार्ड-२ या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा भाव ८०० रुपये आणि तंत्रज्ञानाचं शुल्क ४९ रुपये ठरलं. मोन्सँटोने भारत सोडण्याचा इशारा दिला, तरी तो आदेश टिकला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मात्र उलटं घडलं. या तंत्रज्ञानाच्या परवान्यांच्या अटी आणि रॉयल्टीवर मर्यादा घालणारी अधिसूचना १८ तारखेला निघाली आणि आठवड्याच्या आत मागे घेऊन ९० दिवसांच्या हरकतींसाठी मसुदा म्हणून ठेवली गेली. त्या आठवड्यात कोण कोणाला भेटलं, याची जाहीर नोंद असती तर आज तर्क लढवावे लागले नसते.

परदेशी म्हणजे वाईटच, असंही नाही. विषबाधेच्या प्रकरणात ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं त्या सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या औषधातलं डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडने २००९ मध्येच आपल्या शेतांतून हद्दपार केलं होतं. यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने सप्टेंबर २०२० मध्ये तक्रार गेली ती स्विस सरकारच्या यंत्रणेकडे, आणि तिला साथ दिली स्विस व जर्मन संस्थांनी. सिंजेंटाने जबाबदारी नाकारली. ही कंपनी तरी कोणाची? मुख्यालय बाझेलला आणि २०१७ मध्ये मालकी गेली चीनच्या सरकारी केमचायनाकडे. पासपोर्ट बघून मित्र-शत्रू ठरवायला गेलं तर इथे काहीच हाती लागत नाही.

प्रत्येक नियमाचा मसुदा आधी लोकांपुढे येतो, हा शेवटचा भ्रम. सीमाशुल्काची सूट नुसत्या अधिसूचनेने देता येते. अमेरिकेच्या वाढीव शुल्काचं सावट असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तसंच उठलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी. वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला हरकत घ्यायला एक दिवसही मिळाला नाही.

आणि मसुदा येतो तेव्हा? मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. मुदत ४५ दिवस, पुढे ९० केली. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत. कंपनीकडे वकील आणि शास्त्रज्ञ असतात, शेतमजुराला मसुदा निघाल्याचंही कळत नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितलं होतं. शेतीच्या मसुद्यांनाही तेच लागू व्हायला हवं. मसुदा मराठीत कृषी सहायकामार्फत गावात पोहोचावा आणि आलेली प्रत्येक हरकत, देणाऱ्याच्या नावासह व त्यामागच्या पैशासह, जाहीर व्हावी. त्या २७ पैकी डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल यांच्यावर बंदीचा निर्णय व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. बाकीची का सुटली, कोणाच्या कोणत्या हरकतीमुळे सुटली, हे विचारायचा हक्क यवतमाळला आहे.