मिटत्या चाकूंच्या प्रदर्शनांत

छंद कोणाला कसला जडेल याचा नेम नाहीं. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. आम्हांला खिशांतल्या मिटत्या चाकूंचा नाद आहे. हें सांगतांच ऐकणाराच्या मुद्रेवर किंचित् शंका उमटते, पण ती अनाठायीं होय. फळ कापावें, दोरी तोडावी, पेन्सिलीला टोंक काढावें आणि पुन्हां गुपचूप खिशांत जाऊन बसावें, असा या चाकूचा सात्त्विक जीवनक्रम! शस्त्रापेक्षां चष्म्याशींच त्याचें नातें अधिक जवळचें.

अशा चाकूंचें एक मोठें प्रदर्शन फ्रान्समधील तिएर या गांवीं दरवर्षीं मे महिन्यांत 'कुतेलिया' या नांवानें भरतें. देशोदेशींचे कारागीर तेथें आपापलीं मेजें मांडून बसतात. संग्राहकानें मात्र आंत शिरण्यापूर्वीं गांवाजवळून वाहणारी द्यूरोल नदी पाहून यावी. तिएरला लोखंडाची खाण नाहीं. होतें तें डोंगरावरून वेगानें उतरणारें पाणी. मध्ययुगापासून त्या पाण्यावर चाकें फिरूं लागलीं आणि बाहेरून आणलेल्या लोखंडाला येथें धार मिळूं लागली. धार लावणारे फळीवर पालथे पडून खालीं फिरणाऱ्या दगडावर पातें दाबून धरीत. ऊब मिळावी म्हणून त्यांचीं कुत्रीं त्यांच्या पायांवर निजत. दगडाच्या गाळानें कपडे पिवळे होत, म्हणून लोक त्यांना 'पिवळ्या पोटाचे' म्हणत. त्या खोऱ्यांतील अखेरच्या चाकाचें काम १९७६ सालीं थांबलें. हें चित्र डोळ्यांपुढें असलें म्हणजे जुन्या चाकूच्या किमतीची घासाघीस करतांना जीभ आपोआप आंवरते.

पहिल्या फेरीस कांहींच विकत घेऊं नये, हा आमचा नियम. प्रथम डोळ्यांनीं, मग बोटांनीं आणि शेवटीं कानांनीं चाकू पारखावा. मिटलेलें पातें मुठीच्या मधोमध बसतें, कीं एका अंगास घासतें? चाकू उजेडासमोर धरला असतां पाठीवरची कमान व मुठीच्या बाजू यांमधून प्रकाशाची रेघ दिसते काय? मग पातें सावकाश उघडावें. कमान चांगली असेल तर पातें न अडखळतां सरकतें आणि अखेरीस नेमका 'खट्' असा आवाज देतें. अमेरिकेंतील संग्राहक याला चाकूचें 'चालणें आणि बोलणें' म्हणतात. नव्यानें झिलई केलेल्या पात्यापेक्षां काळवंडलेलें, पण मूळ रूपांतलें पातें बरें. कारण झिलईबरोबर बुडाशीं ठोकलेली कारखान्याची मुद्राही पुसट होते, आणि मुद्रा गेली कीं चाकूची वंशावळच हरवली.

परंतु नांवावरही डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. लायोल हें दक्षिण फ्रान्समधील एक लहान डोंगरी गांव. तेथील पिएर-जाँ काल्मेल याच्या नांवाशीं १८२९ सालापासून एक डौलदार चाकू निगडित आहे. पुढें त्याला कातडें टोचण्याची आरी जोडली गेली आणि मग बाटलीचें बूच काढण्याचा मळसूत्री आकडा. कमानीवरची मधमाशी ही त्याची ओळख. तो इतका लोकप्रिय झाला कीं लायोलपेक्षां तिएरमध्येंच अधिक बनूं लागला. पण १९९३ सालीं बाहेरच्या एका व्यापाऱ्यानें 'लायोल' हें नांवच आपलें म्हणून नोंदविलें. परदेशांतल्या स्वस्त मालावर तें झळकूं लागलें, आणि खुद्द गांवकऱ्यांनाच आपलें नांव वापरण्याची पंचाईत पडली! २०१२ सालीं त्यांनीं निषेध म्हणून गांवाच्या नांवाची पाटी उतरविली. पुढें वर्षानुवर्षें कोर्टकज्जे चालले. तेव्हां 'लायोल' हीं अक्षरें म्हणजे चाकूचा घाट, हमी नव्हे. माशी कमानीच्याच पोलादांतून घडविली आहे, कीं मागाहून डागून बसविली आहे, हें पाहावें. तें बरेंच कांहीं सांगून जातें. तिएरकरांनीं मात्र १९९० नंतरच्या दशकांत 'ल तिएर' नांवाचा स्वतःचा घाट ठरविला आणि त्याच्या राखणीसाठीं कारागिरांचें मंडळ स्थापिलें.

मेजांवर मॅमथच्या सुळ्याच्या मुठी असतात, लाटांसारख्या नक्षीचीं पातीं असतात. त्यांचें कौतुक अवश्य करावें. परंतु सावोय प्रांतांतील जोझेफ ओपिनेल यानें १८९० सालीं तयार केलेला साधा चाकू पाहा: लांकडी मूठ, एकच पातें, १९५५ सालीं पातें जागीं अडकविणारें कडें जोडलें गेलें, एवढीच काय ती मोठी सुधारणा. कारागिरी खरी जगते ती अशा रोजच्या गिऱ्हाइकांवर. सारे चाकू आमच्यासारख्यांच्या कांचेच्या कपाटांत जाऊन बसले, तर धार लावणारा हात उद्यां कोणासाठीं शिकेल? म्हणून प्रत्येक प्रदर्शनाहून आम्ही निदान एक चाकू निव्वळ वापरण्यासाठीं आणतों.

फ्रान्समध्यें चाकूची भेट मिळाली तर घेणारानें देणाऱ्याच्या हातीं एक नाणें ठेवावें, अशी रीत आहे. फुकटची धार मैत्री कापते, असा समज. समज भाबडा असेल, पण त्यांतला विवेक संग्राहकानें घेण्याजोगा आहे: धारेचें मोल द्यावें, आणि मग तिला कपाटांत न कोंडतां कामाला लावावें.