कापलेल्या स्ट्रिपवर नाव उरत नाही

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली, लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहराबाहेर पडली आणि मेडिकलमधली टेट्रासायक्लिन बघता बघता संपली. प्लेगवर ते औषध चालतं, त्यामुळे लोकांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. पण मुदत उलटून खराब झालेली टेट्रासायक्लिन मूत्रपिंडातल्या नलिकांना इजा करू शकते, लघवीतून साखर आणि फॉस्फेट जाऊ लागतं, हे १९६०च्या दशकापासून वैद्यकाला ठाऊक होतं. हातात पडलेल्या सुट्या कॅप्सूलची मुदत तेव्हा कोण पाहणार? आजही रजा न परवडणारा लूमवरचा कामगार ‘दोन दिवसांचा डोस द्या’ म्हणतो, कात्री चालते, आणि औषधाचं नाव व मुदत दुकानातल्या तुकड्यावरच राहते.

हा तुकडा महत्त्वाचा का, ते ॲलर्जीत कळतं. ‘ॲलर्जी असती तर लगेच अंगावर उठलं असतं’ हा समज अर्धाच खरा. पेनिसिलिननं काही मिनिटांत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. रक्तपुरवठा तुटल्यानं मूत्रपिंडही बसू शकतं. दुसरी प्रतिक्रिया मात्र दबक्या पावलांनी येते. ॲमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, रिफाम्पिसिन यांपैकी एखाद्या औषधावर बिथरलेल्या पांढऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या ऊतीत घुसतात. हे बहुधा काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी होतं. ताप, पुरळ आणि रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी ही पुस्तकी त्रयी जेमतेम दहातल्या एका रुग्णात दिसते. बाकीच्यांना नुसती मळमळ, थकवा; लघवीही बऱ्याचदा नीट होत असते. रक्तातलं क्रिएटिनिन तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. इलाजाची पहिली पायरी ते औषध बंद करणं, आणि उशीर झाला तर मूत्रपिंड पूर्ण सावरेलच असं नाही. नाव माहीत नसलेलं औषध डॉक्टर बंद कसं करणार?

इंजेक्शनआधीची टेस्ट आहे ना, असं कुणी म्हणेल. ती फक्त तत्काळ उठणारी ॲलर्जी हेरते. ही दुसरी तिच्या हाती लागत नाही. मार्च २०१४ पासून औषध नियमांतल्या एच-१ यादीतल्या औषधांची नोंद दुकानदारानं ठेवायची असते, पण साधी ॲमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही आणि वही दुकानातच राहते. भीतीपोटी ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असं सरसकट लिहून ठेवणंही नुकसानीचंच: असं सांगणाऱ्या दहांपैकी नऊजणांना तपासणीअंती ते चालतं, तोवर त्यांना जास्त महाग, कधी मूत्रपिंडाला जास्त जड औषधं दिली जातात. म्हणून फाइलवर तिन्ही गोष्टी हव्यात: कुठलं औषध, कितव्या दिवशी, नेमकं काय झालं.