सेवाभावाला हिशेबाची जोड

● टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), मुंबई : १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय म्हणून सुरुवात, १९६४ पासून अभिमत विद्यापीठ.
● कर्वे समाजसेवा संस्था, पुणे : १९६३ पासून, एमएसडब्ल्यू या समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी परिचित.
● इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था), आणंद : १९७९ मध्ये डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने स्थापना. भर ग्रामीण व्यवस्थापनावर. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खेड्यात राहून काम करावं लागतं.
● सेवाभावी संस्था चालवायची तर : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, देणगीदाराला करसवलतीसाठी पावती, परदेशी निधीसाठी ‘एफसीआरए’ कायद्याखाली परवानगी. नुसती तळमळ पुरत नाही.
● सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) : कंपनी कायदा २०१३, कलम १३५. पात्र कंपन्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातला किमान २ टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करायचा. प्रस्ताव आणि अंदाजपत्रक नेटकं मांडणाऱ्यांना त्यामुळेच मागणी.