चार खुंट्या आणि एक आकडा

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीकडच्या गावात हातपंपाची जागा ठरवायची तर भूवैज्ञानिकाबरोबर एक पेटी येते, वायरीची रिळे, घण आणि लोखंडी खुंट्या. पेटी म्हणजे रेझिस्टिव्हिटी मीटर. पाणी दाखवणारे यंत्र अशी तिची ख्याती आहे. खरे तर तिला पाण्याचा पत्ताच नसतो. जमीन विजेला किती अडवते, एवढेच ती सांगते.

खुंट्या चार का? दोनच ठोकल्या, तर खुंटी मातीला टेकते तिथलाच अडथळा मोजला जातो. उन्हाळ्यातल्या कोरड्या मुरमात तर विचारूच नका. मिठाचे पाणी ओतावे लागते. म्हणून बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोघींमधला व्होल्टेज वेगळा मोजतात. आतल्या जोडीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे टेकणीचा अडथळा हिशेबात येत नाही. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास असे प्रयोग सुरू केले. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये समान अंतरावरच्या चार खुंट्यांचे सूत्र मांडले: अंतर गुणिले रोध (म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह) गुणिले ६.२८. येणारा आकडा ओहम-मीटरमध्ये असतो. जमिनीत मुळातच थोडा व्होल्टेज असतो. तो वजा व्हावा म्हणून प्रवाह उलटसुलट करतात. बाहेरच्या खुंट्या लांब सरकवल्या की वीज खोल उतरते आणि न खणता खालचे थर कळू लागतात.

कळतात, पण वाचता आले तर. गडचिरोलीचा बराच भाग नाइस खडकाचा. अभंग नाइसचा आकडा हजारो ओहम-मीटर. खडक फुटून त्यात पाणी मुरले असेल तर तो शे-दीडशेवर, कधी त्याहून खाली येतो. तिथे घसरण दिसली की बोअरवाल्याला बोलवावे. प्राणहितेच्या अंगाला मात्र गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि त्यांच्यामधले चिकणमातीचे थर लागतात. ओल्या चिकणमातीत वीज सहज वाहते, आकडा दहा-वीसवर येतो. पण ती माती पाणी धरून ठेवते, पंपाला सोडत नाही. आसपासच्या विहिरींचे थर न पाहता नुसत्या कमी आकड्यावर बोट ठेवणारा माणूस आणि फांदी घेऊन फिरणारा पाणाडी यांत मला फारसा फरक दिसत नाही. शिवाय पाणी पिण्याजोगे आहे का, हे मीटर सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांना भूजलातल्या फ्लोराइडचा त्रास आहे. तो प्रयोगशाळेतच कळतो.

हीच चार खुंट्यांची रीत वीज उपकेंद्राचे अर्थिंग ठरवतानाही वापरतात. तिथे आकडा कमी आला की काम झाले, मग खाली पाणी असो वा चिकणमाती.