जुनी पिक-अप गाडी घेतांना

जुनी पिक-अप गाडी घेणारा मनुष्य बहुधा तिचा रंग प्रथम पाहतो. पण ती ओझें वाहणारी गाडी; तिचें गतायुष्य सांगतात चासी आणि पाटे. म्हणून आधीं गाडीखालीं वांकून पाहावें. चासीला तडा, डागजोड किंवा पापुद्रे सुटणारा गंज असेल, अथवा रिकाम्या गाडीचे पाटेहि एका बाजूस बसलेले असतील, तर ती गाडी सोडून द्यावी.

इंजिन मात्र थंड असतांनाच सुरू करून पाहावें. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची सारी पुंजी अशा गाडींत जाणार होती. आम्ही गेलों तेव्हां विक्रेत्यानें इंजिन आधींच तापवून ठेवलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न कळवितां गेलों, तों गाडी निळा धूर ओकूं लागली! निळा धूर म्हणजे इंजिन वंगणाचें तेल जाळीत आहे. काळा म्हणजे इंधन अर्धवट जळत आहे. आणि तापल्यावरहि दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचें पाणी सिलिंडरांत शिरत असण्याचा संभव असतो.

चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाहीं, तर क्लच झिजला असें समजावें. क्लच पैशानें बदलतां येतो. दुबळी चासी मात्र भरल्या गाडींत माणसाचा घात करते.